भिंतीवरचा फोटो आणि खोकल्याची बाटली

प्रश्न असा आहे: "आमचं गाव चोपडा तालुक्यात. मुलगा अकरावीत आहे, ५ किलोमीटर चालण्याच्या शर्यतीत जिल्ह्यात पहिला आला. विभागीय स्पर्धा पंधरा दिवसांवर आहे. इटलीच्या अलेक्स श्वात्सरचा फोटो त्याने भिंतीवर लावलाय. परवा मैदानावर कुणीतरी त्याला सांगितलं की हा माणूस दोनदा डोपिंगमध्ये सापडला. तेव्हापासून पोरगा गप्प आहे. काही जण म्हणतात, दुसऱ्या वेळी त्याला अडकवलं. खरं काय? फोटो काढायला सांगू का? आणि भरतीची पोरं ज्या इंजेक्शनांबद्दल बोलतात, त्यात काही तथ्य असतं का? सध्या त्याला खोकला आहे, औषध चालू आहे, सराव बंद ठेवू का?"

भाऊ, फोटो काढायला सांगू नका. हे आधी सांगतो, मग बाकीचं.

तो फोटो बहुतेक बीजिंगचा असणार. २२ ऑगस्ट २००८, ५० किलोमीटर चालणे, वेळ ३ तास ३७ मिनिटं ९ सेकंद, तेव्हाचा ऑलिंपिक विक्रम. श्वात्सर त्या वेळी तेवीस वर्षांचा होता. ते सुवर्णपदक आजही त्याच्याच नावावर आहे. जळगावहून भुसावळला जाऊन परत यायचं, साधारण तेवढं अंतर. भरतीच्या पोरांच्या भाषेत सांगायचं तर १६०० मीटर ६ मिनिटं ५७ सेकंदांत, तेही पळून नाही, चालून, आणि असं लागोपाठ एकतीस वेळा. तुमच्या मुलाला त्या फोटोत जे दिसलं ते खोटं नव्हतं.

पण पुढची गोष्ट त्याला अर्धवट कळली आहे. अर्धवट गोष्ट पोरांना फार त्रास देते, म्हणून सगळी सांगतो. चोवीस वर्षं मी धुळे-जळगाव पट्ट्यात मुलांना चालण्याची शर्यत शिकवतोय, पंच म्हणूनही रस्त्याच्या कडेला उभा राहिलोय. त्यातलं माझं स्वतःचं एक प्रकरणही सांगावं लागेल.

या खेळाचा नियम तुम्हाला माहीत असेलच, तरी सांगतो, कारण सगळं त्यावर उभं आहे. एक पाय कायम जमिनीला लागलेला हवा, आणि पुढे टाकलेला पाय टाच टेकल्यापासून शरीर त्याच्यावरून सरळ जाईपर्यंत गुडघ्यात वाकता कामा नये. पाय हवेत गेले का, हे पंच उघड्या डोळ्यांनी बघतो. कॅमेरा लावून मोजत नाहीत. पंचाच्या हातात पिवळ्या पाट्या असतात. एकीवर नागमोडी रेघ, म्हणजे पाय सुटतोय, दुसरीवर वाकलेल्या गुडघ्याची खूण. वेगवेगळ्या पंचांची लाल कार्डं जमली की दंड, नाहीतर थेट बाहेर. आमच्या पाटाच्या कडेच्या रस्त्यावर पहाटे पाच वाजता मुलं चालतात तेव्हा मी कित्येकदा पाठ फिरवून नुसता आवाज ऐकतो. नीट चालणाऱ्याचा आवाज सलग येतो, टप टप टप, टाच आणि चवडा एकमेकांत मिसळलेले. पाय सुटायला लागला की मध्ये एक पोकळी ऐकू येते. ती ज्याची त्याला सगळ्यात आधी कळते. पंचाला दिसण्याआधी चालणाऱ्याच्या कमरेला कळलेलं असतं की आपण आता चालत नाही, उडतोय. तिथे जो स्वतःहून वेग कमी करतो तो चालपटू. म्हणून मी म्हणतो, हा खेळ शब्दावर चालतो. 'मी चालतोय' असं चालणारा सांगतो आणि लोक विश्वास ठेवतात.

आता २०१२. ३० जुलैला श्वात्सरची चाचणी झाली आणि ईपीओ सापडलं. लंडन ऑलिंपिक सुरू झालेलं होतं, त्याला संघातून काढलं. ८ ऑगस्टला इटलीतल्या बोल्झानो शहरात पत्रकारांसमोर बसून त्याने रडत सगळं कबूल केलं: तुर्कस्तानात स्वतः गेलो, औषधाच्या दुकानातून रोख पैसे देऊन आणलं, स्वतःच टोचून घेतलं, कुणाचा दोष नाही. या वेळेबद्दल वादच नाही. २०१२ मध्ये तो दोषी होता, त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय. मुलाला हे सांगताना शब्द मऊ करू नका.

ईपीओ काय असतं, तेही त्याला समजू द्या. आपल्या मूत्रपिंडातून हा रस तयार होतो आणि हाडांच्या मगजाला सांगतो, तांबड्या पेशी वाढवा. ज्यांची मूत्रपिंडं थकली त्यांच्या अंगात तो तयार होत नाही, रक्त कमी होतं, म्हणून डायलिसिसवरच्या पेशंटला त्याचं इंजेक्शन देतात. आपल्याकडच्या डायलिसिस केंद्रांच्या फ्रिजमध्ये ही भरलेली सिरिंज सापडेल. त्या पेशंटसाठी ते वरदान आहे. धडधाकट माणसाने घेतलं की तांबड्या पेशी गरजेपेक्षा वाढतात, प्राणवायू जास्त वाहून नेला जातो, दम टिकतो. आणि त्याच वेळी रक्त घट्ट होतं. आता विचार करा, ४४ अंशांच्या उन्हात घाम गाळून रक्तातलं पाणी आटलेलं, वरून हे. हृदयात किंवा मेंदूत रक्ताची गाठ अडकायला आणखी काय लागतं?

श्वात्सरने ते औषध आपल्या त्या वेळच्या मैत्रिणीच्या, कारोलिना कोस्टनरच्या घरातल्या फ्रिजमध्ये ठेवलं होतं, जीवनसत्त्वांचं आहे असं सांगून. कोस्टनर म्हणजे बर्फावरच्या स्केटिंगमधली विश्वविजेती. चाचणीवाला दारात आला तेव्हा श्वात्सरच्या सांगण्यावरून तिने 'तो घरी नाही' असं सांगितलं. एवढ्या एका वाक्यासाठी २०१५ मध्ये तिच्यावर बंदी आली. तिने स्वतः काहीही घेतलेलं नव्हतं. श्वात्सर काराबिनिएरी दलात, म्हणजे तिकडच्या पोलिसांसारख्या दलात, खेळाडू म्हणून नोकरीला होता. ती नोकरी गेली. खेळाडू कोट्यातून पोलीस व्हायचं स्वप्न बघणाऱ्या आपल्या पोरांना हे वेगळं समजावावं लागत नाही.

त्याच्या कबुलीतली एक गोष्ट मला औषधापेक्षा मोठी वाटते. त्याला चालण्याचाच उबग आला होता. सकाळी उठून बूट घालणं नकोसं झालं होतं, आणि हे तो कुणाशी बोलला नाही. तुमचा मुलगा गप्प झालाय असं तुम्ही लिहिलंत, म्हणून मी हे जरा ठळकपणे सांगतोय. फोटोवरून गप्प असेल तर काळजी नाही. पण गावात कंबर हलवत चालतो म्हणून पोरं हसतात का, घरातून पदकाचा रेटा वाढलाय का, हे एकदा रात्री अंगणात शेजारी बसून विचारा. समोर बसवून विचारू नका, पोरं समोर बसून खरं बोलत नाहीत.

आता माझं प्रकरण. बऱ्याच वर्षांपूर्वी सातपुड्याच्या पायथ्याचा एक मुलगा माझ्याकडे होता. पाय असा सरळ पडायचा की दुसऱ्या जिल्ह्यांचे पंच थांबून बघायचे. राज्य स्पर्धेच्या सकाळी त्याच्या पिशवीत टॉवेल शोधताना मला काचेची फोडलेली कुपी आणि सिरिंज मिळाली. लेबल वाचलं. भरतीची पोरं घेतात तेच. माझ्या हातात वीस मिनिटं होती. मी टॉवेल काढला, पिशवीची चेन लावली आणि त्याला 'पाणी पिऊन घे' एवढंच म्हणालो. तो पहिला आला. त्या दिवशी चाचणीवाले आलेलेच नव्हते. दुसरा आलेला मुलगा मराठवाड्यातला होता, अनवाणी सराव करायचा, अकरा सेकंदांनी हरला. त्याचं नाव मला आजही पाठ आहे.

दीड-दोन महिन्यांनी आमचा मुलगा घरी आला, पदक टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "सर, हे माझं आहे का?" मी उत्तर दिलं नाही. त्याने चालणं सोडलं. नंतर त्याचे वडील आले, बाहेर ओट्यावर बसले आणि मला म्हणाले, "सर, मना पोऱ्या चोर नही शे." चोर नव्हताच तो. सतरा वर्षांचा होता, आणि त्या खोलीत मोठा माणूस मी होतो. ते पदक अजून माझ्या कपाटात आहे. मराठवाड्यातल्या त्या मुलाला शोधून सांगण्याचं धाडस मला पुढे सहा वर्षांनी झालं. तोवर त्यानेही मैदान सोडलं होतं.

म्हणून मला पकडल्या गेलेल्यांपेक्षा दुसऱ्या नंबरवाल्यांची गोष्ट जास्त लागते. ऑस्ट्रेलियाचा जेरेड टॅलेंट २०१२ च्या लंडनमध्ये ५० किलोमीटरमध्ये दुसरा आला. पहिला रशियाचा सर्गेई किर्द्यापकिन. त्याच्या रक्ताच्या नोंदी खोट्या ठरल्या, पदक काढलं गेलं, आणि टॅलेंटला सुवर्ण मिळालं ते २०१६ च्या जूनमध्ये, मेलबर्नमध्ये एका समारंभात. त्याच लंडनमध्ये महिलांच्या २० किलोमीटरमध्ये चीनची तिबेटी चालपटू छ्येयांग शिज्ये तिसरी आली होती. पुढच्या दोन्ही रशियन मुली नंतर बाद झाल्या आणि २०२२ मध्ये, दहा वर्षांनी, ती विजेती ठरली. त्या रशियन खेळाडूंचा प्रशिक्षक व्हिक्टर चेगिन, सारान्स्क शहरातला. त्याच्या वीसहून जास्त शिष्यांवर बंदी आली, शेवटी त्याच्यावर आजन्म. प्रशिक्षक म्हणून हे लिहिताना मला लाज वाटते, कारण तिथे मुलांनी चोरून घेतलं नव्हतं, तिथे ती पद्धतच होती.

आता तुमचा अवघड प्रश्न, दुसरी वेळ. २०१२ च्या प्रकरणाची बंदी भोगताना श्वात्सर सान्द्रो दोनाती यांच्याकडे गेला. दोनाती म्हणजे डोपिंगविरुद्ध आयुष्य घालवलेला प्रशिक्षक; १९८७ च्या रोममधल्या जागतिक स्पर्धेत इटलीच्याच खेळाडूची लांब उडी मुद्दाम वाढवून मोजली, हे उघड करणाऱ्यांपैकी ते एक. म्हणजे आपल्या माणसांच्या विरुद्ध उभा राहिलेला माणूस. त्यांच्या हाताखाली श्वात्सर ८ मे २०१६ ला रोममध्ये ५० किलोमीटर जिंकला. जूनमध्ये बातमी आली की १ जानेवारीला घेतलेल्या लघवीच्या नमुन्यात बाहेरून घेतलेलं टेस्टोस्टेरॉन आहे. हा नमुना पहिल्या तपासणीत निर्दोष निघाला होता, पुन्हा तपासल्यावर दोषी निघाला. रिओ ऑलिंपिकच्या दिवसांतच क्रीडा लवादाने आठ वर्षांची बंदी घातली. रोममधला त्याचा विजय रद्द झाला. तिथला दुसरा कोण होता? टॅलेंटच.

पण बोल्झानोच्या फौजदारी न्यायालयात प्रकरण वेगळं वळलं. नमुन्यातल्या डीएनएचं प्रमाण नेहमीच्या लघवीत असतं त्याहून विलक्षण जास्त निघालं. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायाधीश वॉल्टर पेलिनो यांनी खटला बंद केला आणि नमुन्यात फेरफार झाला असणं अत्यंत संभवनीय आहे, असं लिहिलं. जागतिक डोपिंगविरोधी संस्था, वाडा, आणि जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटना या दोघांनी ते ठामपणे फेटाळलं. स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने बंदी उठवली नाही. ती २०२४ च्या जुलैपर्यंत चालली. तेव्हा तो एकोणचाळीस वर्षांचा होता.

माझं मत विचाराल तर २०१६ बद्दल माझ्या मनात शंका आहे आणि ती शंका त्याच्या बाजूने झुकते. आठ वर्षं सगळीकडून नाकारलं जाऊनही दोनाती त्याच्या शेजारून हलले नाहीत, हे मला कागदांपेक्षा वजनदार वाटतं. पण दोन्ही निकाल आजही उभे आहेत आणि मी न्यायाधीश नाही. मुलाला एवढं सांगा की २०१६ मध्ये श्वात्सर 'मी घेतलं नाही' असं ओरडून सांगत होता तेव्हा ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या कानात २०१२ चा फ्रिज होता. तो खरं बोलत असेल तर त्याहून मोठी शिक्षा मला सुचत नाही. खरं बोलतोय आणि कुणाला पटत नाही, आणि न पटण्याचं कारण आपणच दिलेलं.

इंजेक्शनांबद्दल. भरतीच्या मैदानांवर जी कुपी फिरते ती बहुतेक मेफेंटरमिनची असते. शस्त्रक्रियेत भूल दिल्यावर रक्तदाब घसरला तर भूलतज्ज्ञ ते वापरतात. त्याने हृदय जोरात धडधडतं आणि थकवा कळेनासा होतो. थकवा गेलेला नसतो, फक्त त्याची बातमी डोक्यापर्यंत पोचत नाही. चालण्यात तर हे दुप्पट घातक: गुडघा वाकायला लागल्याचंही त्या मुलाला कळत नाही. स्पर्धेच्या काळात ते बंदी असलेल्या यादीत आहे. कुणी विकताना दिसला तर त्याचं नाव मुलाच्या तोंडून वदवून घेण्याच्या मागे लागू नका, आधी मुलाला त्या टोळक्यापासून लांब सरावाची जागा द्या.

आपल्या देशाची स्थिती चांगली नाही. २०२३ मध्ये भारतात ५६०६ नमुने तपासले, २१३ मध्ये बंदी असलेले पदार्थ निघाले. त्याच वर्षी दिल्लीच्या राज्य स्पर्धेत चाचणीवाले आल्याचं कळल्यावर १०० मीटरच्या अंतिम फेरीला एकच धावपटू उभा राहिला, बाकीचे पसार. चाचणी चुकवणं हाही गुन्हाच आहे आणि त्याला चार वर्षांपर्यंत बंदी असते, हे त्या मुलांना कुणी सांगितलं नसावं. मोठ्या खेळाडूंना तर आपण रोज कुठे सापडू, हे आधी कळवावं लागतं. ते तीनदा चुकलं म्हणून आपली ऑलिंपियन चालपटू भावना जाट २०२३ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेतून शर्यतीआधीच परतली. तुमच्या मुलावर ही वेळ अजून नाही. पण राष्ट्रीय शालेय किंवा खेलो इंडियापर्यंत पोचला तर चाचणी होऊ शकते. तेव्हा अठराच्या आतल्या मुलासोबत मोठं माणूस थांबू शकतं. तुम्ही थांबा. बाटली त्यानेच निवडायची, झाकण त्यानेच लावायचं, आठवड्याभरात घेतलेली सगळी औषधं कागदावर लिहायची.

आपल्या भागात मुलं अडकतात ती बहुतेक अजाणतेपणी. ऊन लागलं, पोरगं गळून गेलं की आपण गावातल्या दवाखान्यात सलाईन लावून आणतो. बारा तासांत १०० मिलीलिटरपेक्षा जास्त सलाईन खेळाडूला चालत नाही. रुग्णालयातले उपचार, शस्त्रक्रिया, तपासणी एवढ्यालाच सूट. मीठ-साखर-पाणी, ताक, केळी, यांवर भागवा. गुडघा दुखतो म्हणून 'एक स्टिरॉइडचं मारून देतो' असं डॉक्टर प्रेमाने म्हणतात. २०२२ पासून स्पर्धेच्या काळात ते कुठल्याही मार्गाने टोचलेलं चालत नाही. वजन वाढवायची बिनलेबलची पावडर तर घरात आणूच नका. दम कमी पडतोय असं वाटलं तर आधी हिमोग्लोबिन तपासा. नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यातली मुलं माझ्याकडे येतात तेव्हा मी सिकलसेलची तपासणी केल्याशिवाय एक फेरीही मारू देत नाही, कारण तिथे तो आजार आहे आणि उन्हातल्या मेहनतीत तो जीवावर बेतू शकतो. रक्त खरोखर कमी असेल तर लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून द्या, त्यांना बंदी नाही. माझ्याकडची एक मुलगी तीन महिन्यांत नुसत्या गोळ्या, बाजरीची भाकरी आणि पालेभाज्यांवर ३ किलोमीटरला चाळीस सेकंदांनी पुढे आली. ते चाळीस सेकंद तिच्याच रक्तातले होते.

खोकला असताना सराव बंद नका ठेवू, पण कमी करा. पहाटे जिनिंगच्या बाजूचा रस्ता सोडा, कापसाचे तंतू छातीत जातात. ताप असेल किंवा छातीत दुखत असेल तर मात्र पूर्ण विश्रांती.

आणि त्याचं औषध. आजच, हे वाचून झाल्यावर, कपाटातली ती बाटली काढा आणि मागचं बारीक अक्षर वाचा. आपल्याकडच्या खोकल्याच्या अनेक पातळ औषधांमध्ये टर्ब्युटालिन असतं, काहींत साल्ब्युटामोल किंवा लिव्होसाल्ब्युटामोल. छाती मोकळी करणारी साधी औषधं आहेत, दुकानदार न विचारता देतो. टर्ब्युटालिनला स्पर्धेत काय, सरावातही बंदी आहे, आणि बाकीची दोन तोंडावाटे घेतलेली चालत नाहीत. यातलं एखादं नाव दिसलं तर आज रात्रीचा डोस थांबवा, उद्या बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा आणि मुलगा खेळाडू आहे हे पहिल्या वाक्यात सांगून दुसरं औषध लिहून घ्या. दम्यामुळे तेच औषध लागत असेल तर स्वतःच्या मनाने थांबवू नका, त्यासाठी आधी परवानगी काढता येते, त्याचा अर्ज कसा भरायचा ते मी दाखवीन. राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेचं 'नो युअर मेडिसिन' नावाचं अ‍ॅप आहे, त्यात औषधाचं नाव मुलालाच टाकू द्या.

बाटली वाचताना त्याला शेजारी बसवा. भिंतीवरचा फोटो समोर असेलच. त्या बैठकीत वर लिहिलेलं सगळं सांगून होईल.